बाजेवरची आंघोळ

लग्नानंतरचं पहिलं माहेरपण संपवून मी नाशिकहून निघाले, त्या सकाळी मी बाथरूममधून बाहेरच येत नव्हते. शॉवर सुरू असला की रडणं बाहेर ऐकू जात नाही, हे मला शाळेत असल्यापासून माहीत होतं. शेवटी आईनं दार वाजवलं. "सायली, गाडी उभी आहे. सगळ्या नाशिकचं पाणी आजच संपवणार आहेस का?" मी बाहेर आले तेव्हा डोळे लाल का, हे तिनं विचारलं नाही. शांपू गेला असेल, असं तिनंच परस्पर माझ्या नवऱ्याला, अविनाशला, सांगून टाकलं. बाबा डिकीत बॅगा रचत होते आणि प्रत्येक बॅगेबरोबर तेच वाक्य म्हणत होते, "शेवटी पुण्यालाच तर जायचंय. आधी सासरच्या गावी काय, आठ-पंधरा दिवस."

ते आठ-पंधरा दिवस अजून चालू आहेत.

बीड जिल्ह्यातल्या युसूफ वडगावपासून थोडं आत अविनाशचं गाव आहे. त्याची पुण्यातली नोकरी कंत्राटी होती. आम्ही गावी होतो तेवढ्यात त्याला केजच्या कॉलेजात कायमची नोकरी लागली. घरोघरी पेढे गेले. मीही एक खाल्ला. माझं पुणं त्या दिवशी संपलं आणि सगळे माझंच अभिनंदन करत होते. कायमची नोकरी मिळाल्यावर कोण पुण्याला जातं? हा प्रश्न कुणी विचारलाही नाही, इतकं त्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. अविनाश वाईट माणूस नाही. मी विषय काढला की तो "जरा थांब, बघू" म्हणतो. आणि मग खरंच थांबतो.

माझ्या वर्गातल्या मुली बंगळुरूला, डब्लिनला, मेलबर्नला गेल्या. शाळेच्या ग्रुपवर त्या तिकडच्या थंडीबद्दल लिहितात, रूममेटबद्दल लिहितात, आईच्या हातच्या वरणाबद्दल लिहितात. मी वाचते आणि अंगठा पाठवते. त्या गेल्या त्याच्या उलट्या दिशेनं मी गेले, आणि या दिशेच्या जाण्याला कुणी स्थलांतर म्हणत नाही. 'सासरी गेली' म्हणतात आणि विषय संपतो. म्हणून हे त्यांच्यासाठी लिहितेय, आणि नाशिकच्या घरासाठीही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठीत लिहायची सवय मला इथं आल्यावर लागली, कारण इथल्या रोजच्या गोष्टींना माझ्याकडे इंग्रजी शब्दच नव्हते.

उदाहरणार्थ, आंघोळ.

होळी झाली की आमचं बोअर आधी उचक्या देतं आणि मग गप्प होतं. तिथून पुढं टँकरवर. घरामागं पत्र्याच्या आडोशाला नायलॉनच्या पट्ट्यांनी विणलेली एक लोखंडी बाज ठेवलेली आहे. तिच्याखाली मोठा टब सरकवलेला असतो. आपण बाजेवर मांडी घालून बसायचं, तांब्या-तांब्यानं अंगावर घ्यायचं, आणि पाणी पट्ट्यांमधून खाली टबात गळतं. आधी मामंजी, म्हणजे माझे सासरे, मग अविनाश, मग सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, आणि शेवटी मी. सगळ्यांची आंघोळ त्या एकाच टबात साठते. त्यातलं बादलीभर म्हशीला, उरलेल्यात कपडे, आणि कपड्यांतून उरलेलं संडासाला.

म्हशीला पाजायचं म्हणून रोजच्या आंघोळीला साबण नाही, डाळीचं पीठ. साबण आणि शांपू फक्त केस धुवायच्या दिवशी, आणि त्या दिवशी वेगळा टब. हे मला सांगितलं होतं, पण पहिल्याच आठवड्यात सवयीनं हात साबणाकडे गेला. थोड्या वेळानं गोठ्यातून आत्याबाईंचा आवाज आला, "साबन कोन लावला गं? म्हस तोंड फिरिवती!"

"मी न्हाई बाबा," मामंजी ओट्यावरून म्हणाले. "मला आता कोन बघायलंय!"

सगळे हसले. शेजारची काकूही भिंतीपलीकडून हसली. मी आत कपाटाच्या दारामागं उभी राहून हात हुंगत होते. या घरात माझी पहिली चुगली म्हशीनं केली.

मी लवकर शिकले. पहिला तांब्या डोक्यावर न घेता मानेवर घेतला तर पाठ आणि छाती दोन्ही भिजतात. पीठ ओल्या अंगाला लावायचं, मग हाताच्या ओलीनंच चोळायचं. पाय शेवटी, कारण वरचं सगळं पाणी तिथूनच उतरणार असतं. कमी पाण्याचा त्रास मला झाला नाही, हे मी शपथेवर सांगेन. त्रास वेगळाच होता. पत्र्याच्या पलीकडे आत्याबाई भांडी घासत बसलेल्या असतात आणि तांब्याचा आवाज ऐकत असतात. माझा तांब्या जरा जास्त वेळ बुडाला की त्यांचे हात थांबतात. वेगळा टब अवेळी बाहेर निघाला की महिन्यातला कोणता दिवस आहे हे मामंजींनाही कळतं, आणि ते पेपर जरा उंच धरतात. या घरात मला कुणी कधी रागावलं नाही, आणि एक क्षण एकटं सोडलं नाही. दार लावून रडावं म्हटलं तर आवाज झाकायला पाणी नाही.

फोनची रेंजही फाटकाशीच येते, आणि फाटकाशी मामंजींची खुर्ची असते. म्हणून आईशी मी "जेवलीस का", "हो, छान आहे" एवढंच बोलायचे. गेल्या एप्रिलमध्ये मी तिला मेसेज केला, "मला न्यायला ये. बोलायचंय." मी मनाशी ठरवलं होतं. आईबरोबर नाशिकला जायचं आणि अविनाश पुण्यात घर बघेल तेव्हाच परत यायचं. आईला सगळं सांगायचं. वाक्यंसुद्धा पाठ केली होती, मुलाखतीला जाताना करतात तशी.

आई आली. संध्याकाळभर घर माणसांनी भरलेलं होतं, बोलणं झालं नाही. सकाळी पाहुणी म्हणून तिला दोन बादल्या ऊन पाणी दिलं, आणि सगळ्यांच्या आधी जायचा मान दिला. पण ती संकोची, माझ्यासारखीच. "घरातल्या पुरुषांचं होऊ दे, मला कुठं ऑफिसला जायचंय," म्हणत तिनं आपला नंबर शेवटी लावला. त्यामुळं ती आडोशात गेली तेव्हा टबात आमच्या सगळ्यांचं पाणी होतं.

मी भाकरी थापत होते. पत्र्याखालून पाण्याचा लोट अंगणात आलेला मला दिसला आणि मी परात सोडून धावले. आई ओल्या केसांनी उभी होती, टब तिरका करून शेवटचं पाणी झटकत होती.

"आई! पानी सांडलंस कावून? काय केलंस हे! समद्यांचं होतं ना ते!"

माझा आवाज गोठ्यापर्यंत गेला असणार. मी आयुष्यात इतक्या मोठ्यानं बोलले नव्हते. शाळेत हजेरी देतानासुद्धा बाई म्हणायच्या, ऐकू येत नाही. आई टब हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "अगं, माझ्या आंघोळीचं पाणी," ती हळूच म्हणाली, "ते का दुसऱ्यांनी उचलायचं? मला बरं नाही वाटलं." तिनं ते चांगल्या वळणाची बाई म्हणून केलं होतं. जमीन ते पाणी पिऊन मोकळी झाली होती.

आत्याबाई पदराला हात पुसत आल्या. मला वाटलं आता काहीतरी होणार. त्या हसायला लागल्या. "जाऊ द्या इहीनबाई, तुमाला काय म्हाईत! पर पोरगी बगा कशी वरडली. सख्ख्या आईलाबी सोडलं न्हाई!" मग भिंतीवरून शेजारच्या काकूला, "ऐकलं का गं? आमची सून लई पक्की हाय. पान्याला कुनाला हात लावू देत न्हाई!" त्या आवाजात इतका अभिमान होता की मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी आत जाऊन तव्यावरची जळालेली भाकरी काढली.

दुपारी मामंजी झोपले, आत्याबाई वाती वळायला शेजारी गेल्या. आईशेजारी बसून मी पाठ केलेलं पहिलं वाक्य म्हणणार, तेवढ्यात तीच बोलायला लागली. "तुझा मेसेज आल्यापासून माझी झोप उडाली होती. बाबांना काही सांगितलं नाही. म्हटलं, पोरगी तिथं घुसमटतेय. पण सकाळी तुझा आवाज ऐकला ना..." तिचे डोळे भरून आले, आणि ती हसत होती. "पंचवीस वर्षं माझ्या घरात होतीस. तुझा आवाज कधी दाराबाहेर गेला नाही. इथं तू हक्कानं ओरडलीस. आपलं असल्याशिवाय कुणी असं ओरडत नाही गं." मग तिनं विचारलं, "काय बोलायचं होतं तुला?"

मी म्हटलं, "काही नाही. तुला बघावंसं वाटत होतं."

निघताना आत्याबाई स्वतःहून म्हणाल्या, "न्या की पोरीला म्हैनाभर. उनाचं तितं जरा निवांत राहील." त्या मनापासून म्हणाल्या. मी अविनाशकडे बघितलं नाही, आईकडे बघितलं. आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "नको हो. ऐन टंचाईत तुमचा उजवा हात कुठं नेऊ? दिवाळीला येईल ना." ती हे देणगी दिल्यासारखं म्हणाली. केजच्या स्टँडवर बस हलली तेव्हा ती खिडकीतून अशा निर्धास्त चेहऱ्यानं हात हलवत होती, जसा मी लग्नाच्या दिवशीही बघितला नव्हता. तो चेहरा मोडायची माझी हिंमत झाली नाही. त्यानंतर दिवाळी आली आणि गेली, मी जाऊन आले, पण आता मी तिथं पाहुणी म्हणून जाते. आई नातेवाइकांना तो प्रसंग रंगवून सांगते आणि मी शेजारी बसून हसते.

घर म्हणजे जिथं आपल्याला न सांगता ओळखतात ती जागा, असं मी इतके दिवस समजत होते. आईनं मला न सांगता ओळखलं आणि ती निश्चिंत होऊन परत गेली. तिनं चूक केली असं म्हणावं तर तेही खरं नाही. मी नाटक केलं नव्हतं. सांडलेलं पाणी बघून मी खरंच मनात म्हशीची बादली आणि त्या दिवशीचं धुणं मोजलं होतं, जसं आत्याबाईंनी मोजलं असेल. तो आवाज माझाच होता. आणि तो आवाज माझा असूनही मला जायचं होतं. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या असू शकतात, हे तिला कसं सांगायचं, ते मला अजून सापडलेलं नाही.