जम्बोच्या नव्या सीटा

आंगणेवाडीच्या जत्रेला निघालेल्या एसटीत एक चाकरमानी माझ्या शेजारी बसला आणि सीटचं फाटकं रेक्झिन बोटांनी सारखं करू लागला. मुंबईला म्हाताऱ्या जम्बो विमानांना तरुण करायच्या कामावर होता म्हणे. नव्या सीटा, नवे गालिचे, नवे पडदे, हे कौतुक कणकवलीपासून चाललं होतं. शेवटी मी विचारलं, "आणि इंजिनं?"

"ती जुनीच आसत," तो शांतपणे म्हणाला. मांडीवरची पिशवी उघडून त्याने खण-नारळ दाखवला. "म्हणान तर दरवर्सा भराडीदेवीची ओटी घेवन येतंय."

पुढे ड्रायव्हरने देवीच्या तसबिरीला हात जोडले आणि गाडी उतारावर सोडली. म्हणजे आमच्या एसटीचं मुख्य काम झालं होतं. आता फक्त सीटा तेवढ्या बदलायच्या राहिल्या होत्या.