जहाजाची घागर

आमचे नाना दरवर्षी एका बुडालेल्या जहाजाला पाणी पाजायचे.

हसू नका. खरं सांगतेय.

आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. धरणगावला माहेरी आलेय. नाना, म्हणजे माझे आजोबा, जाऊन चार महिने झाले. अठ्ठ्याण्णव वर्षं पुरी करून गेले. आज पहिल्यांदा त्यांच्या नावाची घागर भरायची होती.

आखाजीला आमच्या खान्देशात पितरांसाठी मातीची घागर भरतात. वर खरबुजासारखं डांगर, आंबा, गोड सांजोरी. घागरीला कुंकवाची बोटं.

आमच्याकडे मात्र कायम दोन घागरी. एक पितरांची, दुसरी जहाजाची.

नाना दुसऱ्या महायुद्धात नेव्हीत होते. पोहायला आमच्या विहिरीत शिकलेले, समुद्र कधी बघितलेला नाही, आणि थेट एका एस्कॉर्ट जहाजावर! मालवाहू जहाजांचा ताफा निघाला की त्याची राखण करायची, एवढंच त्या जहाजाचं काम.

"नवंकोरं व्हतं," नाना सांगायचे. "रंगना वासबी जायेल नव्हता."

आखाजीला अंगणातल्या कडुलिंबाला आम्हा मुलींचा झोका बांधलेला असायचा. भर दुपारी गाव चिडीचूप झालं की नाना खुशाल त्या झोक्यावर बसायचे. मांडीवर मी.

"डोया झाक. दख, जहाज असंच हाले."

मी डोळे मिटायचे. खालची काळी माती हळूहळू हलायला लागायची. मोठी मोठी जहाजं एकामागे एक संथ चाललीत, आणि आमचं छोटंसं जहाज त्यांच्याभोवती फिरतंय. कुणी मागे राहिलं की परत जाऊन त्याला घेऊन येतंय.

शपथ, मला अजून स्वप्नात तो समुद्र दिसतो. त्याच्या काठाला कापसाची शेतं असतात.

त्या जहाजाने एक पावसाळा पाहिला. दुसरा नाही.

शत्रूच्या पाणबुडीचा पाणतीर लागला. नाना आणि आणखी तिघं एका फळकुटाला धरून दीड दिवस पाण्यात होते. एक मलबारचा, एक पंजाबी, एक चितगावचा. तिघंही पाणी पाणी करत एकेक करून हात सोडून गेले. उचलायला बोट आली तेव्हा नाना एकटेच उरले होते.

म्हणून ती घागर. जहाजावर हिंदू होते, मुसलमान होते, ख्रिस्ती होते. म्हणून नाना त्या घागरीला कुंकू लावत नसत.

आणि दरवर्षी अक्का, माझी आजी, चिडायची.

"पानीमा बुडेल मानसेस्ले पानी कसाले जोयजे?"

"ते खारं व्हतं," नाना म्हणायचे. बस, एवढंच.

शेवटी शेवटी त्यांना एकच घोर लागला होता. दवाखान्यात माझा हात धरून तेच ते.

"मी गऊ ते त्यास्ले पानी कोन देई?"

"मी देईन ना, नाना."

पण सासरी गेलेल्या नातीने घागर भरायची कुठे पद्धत आहे? त्यांनाही ते माहीत होतं. हात काही सोडायचे नाहीत.

आज सकाळी बघते तर काकांनी दोनच घागरी आणलेल्या. एक पितरांची, एक नानांची. दोन्हींना कुंकू लावून तयार.

"काका, जहाजाची?"

"नाना गेले, आता कसलं जहाज! किती वर्षं चालवायचं ते?"

माझं डोकंच फिरलं. चांगलं सुनावणार होते, तेवढ्यात अक्का उठली. नव्वदीची अक्का, भिंतीला धरत धरत आली आणि नानांच्या घागरीपाशी बसली.

पदराचं टोक ओलं केलं. घागरीवरचं कुंकू पुसून टाकलं.

काका ओरडलेच. "अक्का, काय करी राहिनी?"

"हाईच जहाजनी," अक्का म्हणाली. "त्याबी तठलाच शेतस." नानाही तिथलेच, त्या जहाजावरचेच.

मग तांब्या तांब्याने तिने ती घागर काठोकाठ भरली. इतक्या वर्षांत जहाजाच्या घागरीला तिने कधी बोट लावलं नव्हतं. मी रडत होते, लपवत नाही.

भरून झाल्यावर घागरीवर हात ठेवून ती हळूच त्या सगळ्यांना म्हणाली,

"पी ल्या रे बठ्ठा जन. हाई गोडं शे."

नाना, पाणी पोचलं ना?

तुम्ही आधी सगळ्यांना द्याल आणि मग प्याल, माहीत आहे मला.

पण प्या.