मायच्या रुपयाचा फोटो

आमच्या मंडळात नाणी कमी आणि किस्से जास्त साठलेत. नाणी निदान पाकिटात घालून, वर चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवता येतात. किस्से कुठेही बसा, आपोआप बाहेर पडतात. त्यातले निम्मे फोटोचे. हातात झकास दिसणारं नाणं मोबाइलमध्ये घेतलं की तोंड फिरवतं, एवढीच सगळी भानगड.

मंडळ म्हणजे आम्ही तिघंच. मी सुरतेतल्या गोडादऱ्यातला वायरमन, मूळचा अमळनेरचा. प्रवीणभाई कतारगामला हिरे घासतात. आणि निंबा, नंदुरबारकडचा, बमरोलीच्या मिलमध्ये कामाला, राहायला माझ्या शेजारच्या गल्लीत. रविवारी सकाळी माझ्या ओट्यावर बसायचं, नाणी मांडायची, फोटो काढायचे आणि एकमेकांची अक्कल काढायची.

*

सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो, म्हणजे नंतर निंबाला शिव्या घालायला मी मोकळा.

उजेड हा माझा धंदा. त्यामुळे मला वाटायचं, जितका लाइट जास्त तितका फोटो चांगला. चांदीच्या एका रुपयावर मी मोठा फोकस लावला, वर मोबाइलचा फ्लॅश मारला आणि फोटो ग्रुपवर टाकला. प्रवीणभाईंचा लगेच मेसेज आला, "भाई, इडलीनो फोटो केम मूक्यो?"

खरंच, राजाचं तोंड नाही, अक्षरं नाहीत, नुसता पांढरा गोळा. वीस वर्षं लोकांच्या घरात दिवे लावले आणि एका रुपयाला उजेड दाखवता येईना.

*

मग एका रविवारी निंबा आला तो चेहरा पाडूनच. चहा घेईना.

त्याची माय दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या देव्हाऱ्यातला चांदीचा रुपया निंबाकडे आला. आता कुणीतरी त्याच्या बहिणीचे, सिंधूबाईंचे, कान भरले होते की भावानं खरा रुपया विकला आणि बाजारातला मुलाम्याचा आणून ठेवला. सिंधूबाईंनी फोनवर सांगितलं, "मायच्या रुपयाचा फोटो टाक. ओळख पटली तर आखाजीला येईन. नाही पटली तर मला भाऊ नाही."

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खानदेशातली लेक माहेरी येते. माय-बाप गेल्यावर माहेर म्हणजे भाऊच. ती आली नाही तर काय उरलं? निंबाला रक्ताचं तेवढं एकच माणूस.

खूण सोपी होती. राजाच्या कानाखाली सराफानं पारखायला मारलेला एक बारीक छेद. तो फोटोत दिसायला हवा. इथंच घोडं पेंड खात होतं, कारण छेद नखाएवढासुद्धा नव्हता. आखाजी तीन आठवड्यांवर आलेली.

*

पुढच्या रविवारी निंबानं रुपया काढला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. रुपया लखलखत होता.

"काय केलंस?"

"चिंच आणि राख लावून घासला. फोटो चांगला यावा म्हणून."

जुनं नाणं घासायचं नाही, हे आमच्यात पहिल्या दिवशी शिकवतात. अरे, दर धनतेरसला मायनं लावलेलं हळदकुंकू त्या अक्षरांच्या खाचांत बसलं होतं. कितीतरी वर्षांचं. ते यानं एका सकाळी मोरीत सोडून दिलं. मी त्याला इतकं बोललो की शेजारीण बाहेर आली. प्रवीणभाईंनी नुसता डोक्याला हात लावला.

छेद धड दिसत नव्हता, तरी फोटो पाठवला. अर्ध्या तासानं उत्तर आलं, "हाऊ मायना रुपया नही शे. मायना रुपयाले कुंकू व्हतं."

निंबानं रुपया परत फडक्यात बांधला. त्याला बोललो याचं मला फार वाईट वाटलं, पण तोंडातून गेलेला शब्द परत येतो थोडाच.

*

तेव्हा प्रवीणभाई म्हणाले, आपल्या कारखान्यातल्या दिव्याखाली बघू. हिऱ्यातला डाग दिसतो, तर छेद का नाही दिसणार? दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही कतारगामला पोचलो. पांढरा स्वच्छ उजेड, वरून सरळ. घासलेला रुपया असा काही चमकला की छेद त्या चमकीत बुडाला. बारा फोटो काढले, बाराही फुकट.

बाहेर पडताना खरी परीक्षा. हिऱ्याच्या कारखान्यातून कुणीही झडती दिल्याशिवाय निघत नाही. वॉचमननं निंबाच्या खिशातून फडक्याची पुरचुंडी काढली.

"आ शुं छे?"

मला वाटलं, आता रुपया जमा होतो आणि आम्हीही. निंबा म्हणाला, "मारी मा छे."

वॉचमननं फडकं उघडलं, रुपया बघितला, परत नीट गुंडाळला आणि दोन्ही हातांनी निंबाच्या हातात दिला.

*

निंबाच्या घरी त्याच्या बायकोनं वेगळाच इलाज काढला. कुंकवाची डबी घेऊनच आली. "थोडं भरा अक्षरांत आणि काढा फोटो. कुणाला कळतंय?"

निंबानं डबी हातात घेतली. झाकण उघडलं. मी डबीकडेच बघत होतो, कारण त्याच्या जागी मी असतो तर भरलं असतं. खोटं कशाला सांगू?

"मायचं कुंकू मी धुतलं," तो म्हणाला, "आता तिच्या नावानं खोटं लावू?" आणि झाकण लावून टाकलं.

*

शेवटचा फोटो आखाजीच्या आठ दिवस आधीचा. मी सगळे दिवे बंद केले. वायरमनला हे जड जातं हो. एकच खिडकी उघडी, सकाळचा तिरपा उजेड, खिडकीला बटर पेपर, समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा. रुपया टेबलावर ठेवला तर मोबाइलचीच सावली पडे. म्हणून निंबानं तो बोटांनी कडेला धरून खिडकीकडे कलता केला. प्रवीणभाई सांगत होते, "थोडुं नीचे, हजी थोडुं." आणि एकदम कानाखालचा छेद उमटला. बारीक, काळा, स्वच्छ. मी फोटो घेतला. निंबानं तो तिथल्या तिथे पाठवला.

सिंधूबाईंनी फोटो बघितल्याची खूण आली. उत्तर येईना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग फोन वाजला. त्यानं स्पीकर लावला.

"भाऊ," पलीकडून आवाज आला, "तुनं बोट कोठे गयं?"

सहा महिन्यांपूर्वी मिलच्या रोलरमध्ये निंबाच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर गेलं होतं. बहिणीला कळू नये म्हणून तो तेव्हापासून गावीच गेला नव्हता. आम्हाला त्या बोटाची इतकी सवय झालेली की फोटोत ते आम्हाला दिसलंच नाही.

"काही नाही, जरासं लागलं," निंबा म्हणाला. तिकडून फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधूबाई उधना स्टेशनवर गाडीतून उतरल्या. रात्री त्यांचा निरोप आला होता, म्हणून निंबा आणि मी घ्यायला गेलो होतो. रिक्षात बसल्यापासून गोडादरा येईपर्यंत त्यांनी निंबाचा उजवा हात सोडला नाही. रुपया माझ्या खिशात होता. तो कुणी मागितला नाही.