कान्होजींचे बेडूक

संस्थान विलीन झालं, रिसाला मोडला, आणि घोड्यांत वाढलेले कान्होजी ग्वाल्हेरच्या एका दवाखान्यात बेडूक सांभाळू लागले. हसू नका हो! त्या काळी बाईला दिवस गेलेत की नाही, हे बेडूकच सांगायचे. बाईची सकाळची लघवी नर बेडकाला टोचायची; तिच्यात गर्भाचं हार्मोन असलं, तर तीन-चार तासांत बेडकाच्या लघवीत शुक्रजंतू दिसत. सूक्ष्मदर्शकातून ते ओळखायला कान्होजी बघून बघून शिकले होते.

छप्पन साली त्यांच्या बायकोची, इंदुताईंची, पाळी आठ दिवस लांबली. लग्नाला चौदा वर्षं झालेली, पदरात काही नाही. कान्होजींना धीर कुठला! गुपचूप तिच्या लघवीची बाटली दवाखान्यात नेली. काचेखाली चार-दोन शुक्रजंतू वळवळले, आणि हा शहाणा माणूस नया बाजारातून पेढे घेऊन भरदुपारी घरी!

"पक्की बात, इंदू! आपल्याला मूल होणार!"

इंदुताई हसल्या, रडल्या. त्याच दिवशी जुन्या लुगड्याचं दुपटं शिवायला बसल्या.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र पेढा हातातच धरला. "चार-दोनच? हार्मोन कमी दिसतंय, कान्होजी. दिवस थोडे असतील तर वाढेलही. एका चाचणीवर काही ठरत नाही. आठवड्यानं परत बघू. तेव्हा घटलेलं निघालं, तर गर्भ धरत नाहीये असं समजायचं. तोवर घरी बोलू नका."

बोलून तर बसले होते.

आठवड्यानं कान्होजींनी एक बेडूक टोचला, मग दुसरा, मग तिसरा. तिन्ही काचा कोऱ्या! घरी इंदुताई दुपट्याला किनार लावत होत्या.

"काय म्हणाले तुमचे बेडूक?"

"थकलेत गं बेडूक. परत बघू," कान्होजी म्हणाले, आणि परसात जाऊन उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी इंदुताईंच्या अंगावरून जायला लागलं. "तुमचं काही चुकलं नाही," डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावलं, "कितीही जपलं असतं, तरी हा गर्भ टिकला नसता." घरी आल्यावर इंदुताई म्हणाल्या, "अहो, तुम्ही सांगितलं नसतंत, तर पाळी लांबली एवढंच समजले असते मी. आता दहा दिवस आई होऊन बसले, त्याचं काय करू?"



नोव्हेंबरात मध्यभारत राज्यही मोडलं, कचेऱ्या भोपाळला गेल्या. कान्होजी आणि बेडूक इथंच राहिले. त्यानंतर कुणी नवरा हसत हसत बाटली घेऊन आला, की कान्होजी आधी विचारायचे, "घरी काही बोललात?"

तो "नाही" म्हणाला, की म्हणायचे, "अच्छा किया. आठ दिवसांनी परत आणा."