शेंगतेलातला कॉम्प्युटर

प्रियदर्शनी मगदूमचा कशावरही पटकन विश्वास बसत नाही. राजारामपुरीत एका क्लासच्या जिन्याखाली तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ‘काही केलं नाही हो, आपोआप बंद पडला,’ असं म्हणत गिऱ्हाईक आत आलं, की ती मान डोलावते आणि स्क्रू काढायला घेते. आपोआप बंद पडलेला कॉम्प्युटर तिने अजून पाहिलेला नाही.

ती मूळची जयसिंगपूरची. आयटीआय करून कोल्हापूरला आली तेव्हा पहिल्या मालकाने तिला काउंटरवर बसवलं, गिऱ्हाइकांशी गोड बोलायला. गोड बोलणं काही जमेना. कंटाळून त्याने तिला आत दुरुस्तीच्या टेबलावर ढकललं, आणि तिथे तिचं नशीब उघडलं. पुढे तिने स्वतःचं दुकान टाकलं. बोलणं तेच राहिलं.

तिचा सगळ्यात मोठा अविश्वास बिनआवाजाच्या थंडाव्यावर. कॉम्प्युटर चालला की तापतो, तापला की आतले पंखे फिरतात, पंखे फिरले की घरघर होते. लोकांना थंडावा हवा असतो आणि घरघर नको असते, आणि मग त्यांचं डोकं चालायला लागतं. शाहूपुरीतल्या एका वकिलांनी पंखे काढून अख्खा कॉम्प्युटर फ्रिजमध्ये ठेवला होता, वायरींसाठी दाराच्या रबराला भोक पाडून. बाहेर काढला तेव्हा कोथिंबिरीच्या जुडीवर साचावं तसं त्यावर पाणी साचलं होतं. कागलच्या एका हौशी माणसाने ओलं गोणपाट गुंडाळलं. मंगळवार पेठेतल्या जोतीराम पैलवानाने कॅबिनेटवर माठ ठेवला. माठ पाझरतो हे पैलवानाला ठाऊक होतं, कॉम्प्युटरला नव्हतं.

त्यामुळे बापूसो चौगुल्यांनी दुकानात येऊन, “प्रिया, मशीन तेलात बुडवायचं हाय,” म्हटलं, तेव्हा तिने हातातला स्क्रूड्रायव्हरसुद्धा खाली ठेवला नाही.

“भजी करताय व्हय अण्णा?”

बापूसो, म्हणजे बापूअण्णा, पाटबंधारे खात्यात आराखडे काढत निवृत्त झालेले. प्रियदर्शनीच्या आजोळच्या गावचे, राहायला कोल्हापुरातच. त्या गावच्या बस्तीसमोर, म्हणजे जैन मंदिरासमोर, मानस्तंभ उभा करायचं ठरलं होतं. खांब दारासमोर सरळ रेषेत हवा, आणि नेमकी त्या रेषेत जुनी बकुळ उभी होती. कमिटी म्हणाली, झाड काढू. अण्णा म्हणाले, खांब रस्त्याच्या बाजूला पुढे घ्या, फाटकही पुढे घ्या, झाड मागे सुरक्षित राहील. त्यांनी नकाशा काढून दाखवला. कमिटीने नकाशा उलटा धरला. तेव्हा अण्णांनी कॉम्प्युटरवर फिल्म करायला घेतली. फाटकातून आत शिरताना काय दिसेल, खांब कुठे, झाड कुठे, सावली कुठे, सगळं हुबेहूब. रविवारी कमिटीची बैठक होती. फिल्म दाखवली तर झाड वाचेल, नाही तर सोमवारी कुऱ्हाड.

अशी फिल्म तयार करायला कॉम्प्युटर दिवसरात्र राबतो आणि पंखे ओरडतात. घर दोन खोल्यांचं, आणि अण्णांच्या पत्नी रत्नाबाई, प्रियदर्शनीच्या आक्का, बाहेरच्या खोलीत दिवसातून तीन वेळा सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसतात. दोन घटका डोळे मिटून, हालचाल नाही, बोलणं नाही. त्यांनी सरळ सांगितलं होतं, घरघर बंद करा, नाही तर यंत्र जयसिंगपूरला पुतण्याकडे पाठवा.

“तेलातनं वीज जात न्हाय,” अण्णा म्हणाले. “आणि पंखा कशाला पायजे? तेल आपणच तापून वर जातंय, गार होऊन खाली येतंय.”

“कढईत पण तसंच होतंय. तरी भजी गार पडल्याली मी बघितली न्हाय.”

“कढईखाली शेगडी असती गं! हितं एखाद्या बल्बाएवढी उष्णता आणि टाकीभर तेल. हिशेब केलाय मी.”

“मशीन स्वयंपाकघरात ठेवा की. भिंतीला भोक पाडून वायर बाहेर घेऊ.”

“ते तुझ्या आक्काला सांग. स्वयंपाकाच्या चौक्यात मी बाहेरची चप्पल आणत न्हाय, यंत्र काय आणतोय!”

“मग सामायिकाच्या वेळी थांबवा.”

“दिवसातनं तीनदा थांबवलं तर रविवारपातूर व्हायचं न्हाय.”

तीही वाट बंद झाली. ती बकुळ प्रियदर्शनीनेही पाहिली होती. सुट्टीत आजोळी गेली की तिची फळं खाऊन जीभ खरखरीत व्हायची. ती अण्णांच्या घरी गेली, पण अटी घालून. बिनपंख्याचा पॉवर सप्लाय तिने शोधून आणला. फिल्म ज्या डिस्कवर साठत होती ती डिस्क तेलाबाहेर राहील, असं बजावलं. तेल कुठलं घ्यायचं यावर मात्र तिचं चाललं नाही. ती म्हणाली, औषधी पॅराफिन आणा, वास येत नाही, खवट होत नाही. पण चौगुल्यांच्या घरात पुतण्या अनेकांतचा तेलघाणा असताना तेल विकत आणणं हे अण्णांना पाप वाटलं. जयसिंगपूरहून शेंगतेलाचे डबे आले. माशांची काचेची टाकी काठोकाठ भरली. मदरबोर्ड आत उभा राहिला आणि खोलीभर खमंग वास सुटला.

“संध्याकाळच्या आत बंद पडतंय बघा,” प्रियदर्शनी म्हणाली.

संध्याकाळी ती मुद्दाम आली. रत्नाबाई सामायिकाला बसल्या होत्या. खोलीत चिडीचूप. टाकीतल्या हिरव्या दिव्यावरूनच काय ते कॉम्प्युटर चालू असल्याचं कळत होतं. अण्णांनी खुणेने तिला बोलावलं आणि हात आत घालायला सांगितलं. तिने मनगटापर्यंत घातला. तेल कोमट होतं. आंघोळीचं पाणी असतं तर ‘गार आहे’ म्हणून कुणी तरी ओरडलं असतं, इतकंच कोमट.

अण्णा नुसते हसले, ते जास्त लागलं. तिने हात पुसायला फडकं शोधलं, मिळालं नाही, आणि तशीच तेलकट हाताने स्कूटर चालवत घरी गेली. झाड वाचेल म्हणून तिला आनंद व्हायला हवा होता. तो झाला, पण दुसऱ्या क्रमांकावर.

सकाळी फोन आला. “प्रिया, मशीन बंद पडलंय. आणि मुंग्या आल्यात.”

मुंग्यांचा संबंध तिला लागेना. घरात पाऊल टाकलं तेव्हा लागला. टाकी निम्मी रिकामी झाली होती आणि तेलाचा ओघळ फरशीवरून थेट दिवाणापर्यंत गेला होता. ओघळाच्या कडेने काळ्या मुंग्यांची रांग, लग्नाच्या पंगतीसारखी.

“टाकी फुटली व्हय?”

“न्हाय. कुठनंच गळत न्हाय,” अण्णा म्हणाले. “सगळीकडनं हात फिरवला.”

प्रियदर्शनीने टाकीवरचं कापड बघितलं. अण्णांचं जुनं मऊ धोतर, दुहेरी घडी घातलेलं. पाणी गाळायला घालतात तशी घडी.

“हे कुणी घातलं?”

“मी,” रत्नाबाई दारातून म्हणाल्या. “उघड्या तेलात जीव पडतात. चिलटं, पाखरं. झाकायला नको?”

“काचेचं झाकण हाय की आक्का.”

“वायरीला फट ठेवल्याली. फटीतनं चिलट जात न्हाय व्हय?”

उत्तर बिनतोड होतं. धोतराचा मधला भाग झोळ पडून तेलात बुडाला होता, आणि एक काठ टाकीबाहेर थेट जमिनीपर्यंत लोंबत होता. त्या काठाच्या टोकाला अजून एक थेंब तयार होत होता.

“दिव्यात वात तेल वर ओढती का न्हाय? तसं तुमच्या धोतरानं तेल वर ओढलं आणि ह्या बाजूनं खाली सोडलं. प्रोसेसर वरच्या अंगाला असतो. तेल त्याच्याखाली उतरलं, तो तापला, मशीन बंद.”

अण्णांचा चेहरा एकदम उजळला. “म्हणजे माझा हिशेब चुकला न्हाय!”

“न्हाय. धोतर चुकलं.”

“आणि तू म्हणालतीस ते बी झालं न्हाय. तेल तापून बंद पडलं न्हाय.”

“बंद पडलं ना?”

“दुसऱ्या कारणानं पडलं!”

“भांडा, भांडा,” रत्नाबाई म्हणाल्या. “पण पाय वर घेऊन भांडा. मुंग्या हायेत.”

हा खरा पेच होता. फिल्म अर्धी झाली होती, डिस्क कोरडी आणि शाबूत होती, शुक्रवार उजाडला होता. फरशी पुसून कामाला लागायचं तर फडक्याखाली मुंग्या चिरडणार. त्या घरात ते शक्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर प्रियदर्शनीच्या हातूनही झालं नसतं. रत्नाबाईंनी वाटीत पीठ-साखर कालवली आणि ओघळापासून गॅलरीपर्यंत चिमटीने रेघ ओढली. आता मुंग्यांनी स्वतःहून जायचं, आणि माणसांनी बसून वाट बघायची. तिघं दिवाणावर मांडी घालून बसली, पूर आल्यासारखी.

अण्णांना बसवेना. ते सारखे वाकून रांग बघत, घड्याळ बघत, टाकीकडे बघत.

“बसा की गप!” रत्नाबाई ओरडल्या. “काल बी हेच. प्रियदर्शनी, काल माझ्या सामायिकात ह्यांनी काय केलं सांगू? तू गेलीस आणि हे उठले. टाकीत डोकावले. बसले. परत उठले. काचेवर टिचकी मारली. मी डोळं मिटून बसल्याली, पर कान मिटता येत्यात व्हय?”

“मग मशीन चालतंय का बंद पडलंय ते कळणार कसं?” अण्णा म्हणाले. “काय आवाजच न्हाय त्याला.”

“पंखा होता तवा बरं होतं. त्यो घरघर करायचा आणि हे गप पेपर वाचायचे.”

प्रियदर्शनीने तेलावर अविश्वास दाखवला होता, काचेवर दाखवला होता, अण्णांच्या हिशेबावर तर भरपूर दाखवला होता. घरघरीचाही उपयोग असू शकतो, ही शंका तिला कधी आली नव्हती. दुकानात ती स्वतः कानानेच काम करत होती. मागे वळून न बघता तिला कुठलं मशीन चालतंय, कुठलं अडलंय ते कळायचं.

“आक्का, म्हणजे पंख्याचा आवाज तुम्हाला चालतोय?”

“चालतोय कुठं? पर ह्यांच्यापेक्षा बरा.”

“रविवारपर्यंत सोसाल?”

रत्नाबाईंनी मुंग्यांकडे पाहिलं. रांग गॅलरीकडे वळायला लागली होती. “सोसंन. पर एक अट. मी बसल्याली असताना ह्यांनी खुर्चीतनं उठायचं न्हाय. छप्पर पडलं तरी न्हाय.”

“व्हय की,” अण्णा म्हणाले. बकुळीसाठी ते याहून मोठी शपथ घ्यायला तयार होते.

मुंग्या गेल्या तेव्हा दुपार झाली होती. जयसिंगपूरहून पुन्हा तेल आणून बुडालेलं मशीन वापरण्याजोगं करायला वेळ नव्हता. प्रियदर्शनीने डिस्क काढली आणि दुकानातलं सगळ्यात दांडगं मशीन रिक्षात घालून आणलं. त्याचे पंखे सुरू झाले की दुकानात वरच्या क्लासमधलं गणित ऐकू येत नाही. डिस्क जोडली, फिल्म जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू झाली, आणि खोलीत पिठाची गिरणी लागल्यासारखा आवाज घुमू लागला. रत्नाबाईंनी आसन टाकलं, डोळे मिटले. अण्णा खुर्चीत बसले.

शनिवारी संध्याकाळी प्रियदर्शनी दुकान बंद करून आली, तेव्हा दोघं तशीच बसली होती, एक आसनावर, एक खुर्चीत. ती दाराशी टेकून उभी राहिली. थोड्या वेळाने घरघर एकदम उतरली आणि हलकी भुणभुण राहिली.

अण्णा ताठ झाले. काम संपलं की पंखे असे उतरतात. काम मध्येच अडकलं तरी असेच उतरतात. स्क्रीन त्यांच्याकडे पाठ करून होता. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले, रत्नाबाईंकडे पाहिलं, मग प्रियदर्शनीकडे. पाय चपलेत गेले आणि परत बाहेर आले. ती अनवाणी पुढे गेली आणि वाकून स्क्रीन बघितला. फिल्म पूर्ण झाली होती. तिने मागे वळून मान हलवली. अण्णांनी डोळे मिटून घेतले, आणि उरलेला वेळ त्या घरात दोन माणसं सामायिकाला बसली होती.

रविवारी दुपारी अण्णांचा फोन आला. फिल्म दोनदा लावली होती. दुसऱ्यांदा बकुळीची सावली बस्तीच्या पायरीवर पडलेली दिसली, तेव्हा अध्यक्ष आदगोंडा पाटील उठून उभे राहिले आणि म्हणाले, ‘एवढं चांगलं झाड पाडायचं म्हणलं कुणी?’

“कुणी म्हणलं होतं?” प्रियदर्शनीने विचारलं.

“त्यानंच की! सगळ्यांच्या म्होरं म्हणलं होतं. पर मी गप बसलो.”

“तुम्ही? गप?”

“दोन दिस सवय झालीया गं,” अण्णा म्हणाले.