शेवटच्या पानावरचं कुंकू

डोंबिवली पूर्वेला एका ट्रस्टच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर जुन्या पोथ्यांचं ग्रंथालय आहे, आणि तिथे विश्रामरावांचं राज्य आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे काम बिनपगारी अंगावर घेतलं आणि आल्या आल्या नियमांची पाटी लावली. चपला बाहेर, पिशवी कपाटात. हात साबणाने धुऊन कोरडे. पेन नाही, पेन्सिल. पोथीला हळदकुंकू, फुलं, अक्षता वाहायच्या नाहीत. या शेवटच्या नियमावरून लोक हुज्जत घालत, पण हा गडी कुणाला बधेल तर शपथ. देवाला कसर लागत नाही, पोथीला लागते, असं ते सुनवायचे.

माणूस वाईट नव्हता. बायको, उत्तरा, गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं, म्हणून सगळी माया कागदांवर. लहान मुलाचं तोंड पुसावं तशी ते पानं पुसत.

एका गुरुवारी बाळकुमची सखुबाई आली. पंचाहत्तरीची, सोबत नातू दिपेश. त्यांचं घर पाडून टॉवर उभा राहिला तेव्हा दिपेशनेच आजोबांची हस्तलिखित पोथी इथे आणून दिली होती. फ्लॅटमध्ये खराब होईल, इथे नीट राहील, असं त्याला मनापासून वाटलेलं. आजोबा, म्हणजे राघो, त्याच्या दोनच महिने आधी गेले होते. आता वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं आणि म्हातारीने पोथी बघायचा ध्यास घेतला होता.

विश्रामरावांनी तिला एकेक नियम वाचून दाखवला. तिने सगळे पाळले. लिहिता येत नसूनही येताना पेन्सिल विकत घेतली होती, लागते असं दिपेश म्हणाला म्हणून. सहीच्या वहीत निळ्या शाईचा अंगठा दिला, पुन्हा जाऊन हात धुतले आणि टेबलाशी येऊन बसली.

पोथी समोर आली. तिने सरळ शेवटचं पान उलटलं, वाकून पाहिलं, आणि पोथी हलकेच बाजूला सारली.

"मास्तर, ही आमची नाय. आमच्या पोथीला शेवटच्या पानावर त्यांचा आंगठा हाय."

दिपेशने हीच ती म्हणून परोपरीने सांगितलं, पण ती ऐकेना. मग तिने सगळं सांगितलं. राघो दर श्रावणात पोथी वाचायचा आणि पारायण संपलं की कुंकवाचा अंगठा शेवटच्या पानावर उठवायचा. एका वर्षाचा एक. तिला अक्षर येत नव्हतं, पोथीतलं वाचता येई ते एवढंच. थोरला मुलगा खाडीत बुडाला त्या वर्षी राघोचा हात थरथरला, तो अंगठा फरफटलेला होता. शेवटचा तर आजारपणातला, तिनेच त्याचं मनगट धरून उठवलेला. तो बघायला ती आली होती.

ते पान विश्रामरावांना पक्कं आठवत होतं. चार दिवस खपले होते त्यावर, आधी कोरडा ब्रश, मग जेमतेम ओला कापूस. कागदाला ओरखडाही आला नव्हता. नोंदवहीत अभिमानाने लिहिलं होतं, शेवटच्या पानावरचे लाल डाग काढले. आधी फोटो काढून ठेवायचं सुचलंही नाही. डागांचे फोटो कोण काढतो?

गप्प बसले असते तर चाललं असतं. शोधतो म्हणाले असते, म्हातारी आशेवर राहिली असती. विश्रामरावांना ते जमलं नाही.

"सखुबाई, पोथी तुमचीच आहे," ते म्हणाले. "ते अंगठे मी पुसले. मला डाग वाटले."

ती रडली नाही. कोऱ्या जागेवरून बोट फिरवत राहिली. कुठला कुठे होता ते बोटाला ठाऊक असावं. अर्ज करून पोथी परत न्यायची का, असं दिपेशने हळूच विचारलं. तिने मान हलवली.

"ऱ्हाऊ दे. आता त्यात आमचं काय ऱ्हायलंय?" मग ती विश्रामरावांकडे वळली. "तुमचीच झाली ती. जपा."

बाहेर पडतानाही वहीत सही लागते. तिने पुन्हा अंगठा दिला, नियमच होता तसा.

दोघं जिना उतरून गेल्यावर विश्रामरावांनी सवयीने टिपकागद उचलला. अंगठ्याची शाई अजून ओली होती. त्यांचा हात पुढे जाईना. टिपकागद खाली ठेवून, ते उघड्या वहीसमोर बसले, आणि उत्तरा गेल्यावरही जे रडले नव्हते, ते हमसून हमसून रडले.