त्या शुक्रवारचे अकरा पक्षी

मला माझ्या धाकट्या जावेचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. उगाच आडवळणं नकोत. ती वाईट होती म्हणून नव्हे. वाईट असती तर बरंच झालं असतं, चारचौघींत नावं तरी ठेवता आली असती. पण ती साधी, कामसू, मला ‘ताई’ म्हणणारी. मी हातातलं भांडं मोरीत ठेवायचा अवकाश, ती घासून पालथं घालायची. माझ्या डोळ्यांत खुपायचे ते तिचे कान.

भिवंडीत शुक्रवारी लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद असतात. बाकीचे सहा दिवस गल्लीगल्लीतून खटखट चालू. आम्हाला ती ऐकूही येत नाही; पाहुणे कपाळाला हात लावून ‘हे काय चाललंय’ विचारतात, तेव्हा आठवण होते. शुक्रवारी मात्र सगळं गप्प. म्हणून आमची पक्षी बघायची फेरी रविवारी नाही, शुक्रवारी सकाळी असायची. दसरा झाला की पहिल्या शुक्रवारी सुरू, ते देवदिवाळीपर्यंत. पाऊस ओसरून थंडीचे पाहुणे पक्षी उतरायला लागतात, ते हेच दिवस. माझी शाळा दुपारची, त्यामुळे मला जमायचं.

फेरी काढायचे ते आमचे सर. जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, कायम पांढऱ्या टोपीतले. आम्ही दहा-बारा जणं. आधी तलावाकाठची बाग, मग सायझिंगच्या मागे उरलेली आमराई. सायझिंग म्हणजे सुताला खळ लावायचा कारखाना. त्याच्या भिंतीपलीकडे पंधरा-वीस जुनी आंब्याची झाडं कुणाच्या तरी वाटणीच्या भांडणापायी तगली होती. शेवटी टपरीवर चहा-खारी आणि सरांची वही.

ही वही म्हणजे आमचं सगळं काही. लाल कापडी बांधणीची, जाडजूड. पक्ष्याचं नाव, मग ‘पहिला कोणी पाहिला’, मग ‘दुसरा कोणी पाहिला’. दुसऱ्यानं पाहिल्याशिवाय नोंद नाही. नुसता ऐकलेला पक्षी तर मुळीच नाही. तेव्हा आमच्यापैकी कोणाकडे कॅमेरा नव्हता, मोबाइल होते ते फक्त बोलायचे. त्यामुळे दोन माणसांचे डोळे हाच पुरावा. सर म्हणायचे, “एकट्याला काहीही दिसतं हो.” आणि ते आम्हाला दोघादोघांच्या जोडीनं चालायला लावायचे.

सहा वर्षं त्या वहीत सगळ्यांत जास्त वेळा नाव कोणाचं होतं? माझं. मी काल्हेरची. खाडीकडेच्या शेतात लहानाची मोठी झाले. बगळे, शेकाटे, खंड्या हे आमचे शेजारी. आता तिथे गोदामं उभी आहेत आणि माझ्या बापाच्या शेतात ट्रक वळतात, ते सोडा. पण पक्षी हा माझा विषय होता. घरात मी सून, शाळेत बाई, आणि तिथे, त्या टपरीवर, सर वहीवरून मान वर करून “बाई, तुम्ही सांगा, हा कोण?” असं विचारायचे ना, तेव्हा मी मी असायचे.

आणि मीच तिला घेऊन गेले. स्वतःच्या हातानं! सासूबाई म्हणाल्या, “धाकटीला पण ने गं, घरात कोंडल्यासारखी होते बिचारी.” मी म्हटलं, चला, येईल चार दिवस, पाय दुखले की बसेल घरी.

तिचं माहेर भिवंडीतच. खाली चार लूम आणि वर माळ्यावर घर. ती बोलायची मोठ्यानं, लूमच्या घरातली माणसं बोलतात तशी, समोरच्याला दहा फुटांवर उभं केल्यासारखी. पण कान! माळ्यावर भाकऱ्या थापताथापता ती खाली ओरडायची म्हणे, “तीन नंबरचा धागा तुटला!” आणि तुटलेलाच असायचा. खटखटीच्या पोटातला बारीकसा फरक तिला कळायचा. आम्हाला खटखट ऐकू यायची नाही आणि तिला त्या खटखटीतलं सगळं ऐकू यायचं.

पहिल्याच शुक्रवारी ती बागेत मध्येच थांबली. “ताई, तिकडं काय तरी हाय.” मी म्हटलं, “काही नाही, चल.” तर सर धावले. हळद्या निघाला! पिवळाधमक, पानांच्या आत बसलेला. सरांनी टाळी वाजवायचीच बाकी ठेवली. पुढच्या शुक्रवारी नाचण. त्याच्या पुढच्या वेळी नीलिमा. नाव एकाचंही तिला ठाऊक नाही, बरं का. “तो बघा, कपडे वाळत घातल्यासारखा शेपूट पसरतो तो,” असं सांगायची, आणि सगळे कौतुकानं हसायचे. मी सहा वर्षं पुस्तकं वाचून नावं पाठ केली, तर कोणी हसलं नाही.

दुर्बीणसुद्धा माझीच वापरायची. “ताई, द्या ना जरा.” द्यावीच लागायची, सगळ्यांसमोर नाही कशी म्हणणार? शिवाय सर आमची जोडी कधी तोडायचे नाहीत. एकाच घरातल्या, एकाच रिक्षानं येणार. म्हणजे तिच्या प्रत्येक पक्ष्याला ‘दुसरा कोणी पाहिला’मध्ये नाव माझं. ओळीनं दुसरी! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मंडळींनी आम्हाला थोरल्या आणि धाकट्या अशी नावंच पाडली होती, आणि हल्ली आधी ‘धाकट्या कुठे आहेत?’ असं विचारायचे.

तिचं तिसरं वर्ष होतं. दसऱ्यानंतरच्या पहिल्याच फेरीला सर म्हणाले, “हे माझं शेवटचं वर्ष. मुलगा नाशिकला नेतोय. वही कोणाच्या हातात द्यायची, ते देवदिवाळीला ठरवू.” वही ज्याच्याकडे, फेरी त्याची. मी इकडेतिकडे पाहिलं. सगळे माझ्याकडे पाहत होते. एक मेडिकलवाले काका सोडून; ते धाकटीकडे पाहत होते. त्या दिवसापासून माझी झोप उडाली म्हणा ना.

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली आणि तो शुक्रवार उजाडला. आदल्या आठवड्यात वीज फार गेली होती, मालाची घाई होती, म्हणून सुट्टीच्या दिवशीही लूम चालू ठेवले होते. आमराईपर्यंत खटखट. काका म्हणाले, “आज काही खरं नाही, चहाच पिऊ.” आम्ही जोड्याजोड्यांनी पांगलो. आम्ही दोघी पार टोकाला, भिंतीजवळ.

ती थांबली. डोळे मिटले. मग हळूच, कधी नव्हे ते अगदी हळूच म्हणाली, “ताई, पाल्यात कोण तरी चालतंय. थांबतंय, परत चालतंय.”

मला काय ऐकू येणार, कपाळ? मी तिच्या बोटाच्या दिशेनं पाहिलं. आंब्याच्या बुंध्याशी वाळका पाला पडलेला. एक पान उलटलं. मग दुसरं. आणि त्या पाल्यातून तो टुणकन पुढे आला. नवरंग.

पुस्तकात शंभरदा पाहिलेला. हिरवी पाठ, खांद्यावर चमकता निळा ठिपका, डोळ्यांवरून काळी पट्टी, आखूड शेपूट आणि शेपटीखाली कुंकू सांडल्यासारखा लाल. पावसाळा आटोपून दक्षिणेकडे निघालेला, वाटेत दमून आमच्या गावात उतरलेला. सहा वर्षं, नाही, तेव्हा आठ झाली होती, आठ वर्षं मी याच्यासाठी चपला झिजवत होते. सरांच्या वहीत तो एकदाही नव्हता. मी काय केलं तर तिचं मनगट गच्च धरलं. इतकं गच्च की तिच्या हातातली हिरवी बांगडी पिचकली आणि तिला ओरखडा उठला. तिनं हूं की चूं केलं नाही. पक्षी उडेल म्हणून.

तो पुरतं एक मिनिट होता. मग भिंतीवरून गेला.

“दिसला ना, ताई?” ती म्हणाली. तिचा चेहरा असा काही उजळला होता! आणि माझ्या डोक्यात त्या आनंदाच्या भरातही काय आलं? की वहीत लिहिलं जाणार : नवरंग. पहिला कोणी पाहिला, तर ती. दुसरी मी. मी “चल, उशीर होतोय,” म्हटलं.

टपरीवर सरांनी नोंदी घेतल्या. सगळ्यांचे मिळून अकरा पक्षी. कोतवाल, दयाळ, नेहमीचेच. धाकटीनं घाईघाईनं सांगितलं, “सर, आम्ही तो पाहिला, नऊ रंगाचा! लाल शेपटीचा! तुम्ही चित्र दाखवलेलं तो!” सरांनी हातातला कप खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बाई?”

मला अजून तो क्षण आठवतो. खारीचा तुकडा माझ्या तोंडात होता. मी तो चावला, गिळला, आणि म्हटलं, “मला नाही बाई काही दिसलं. पाला हलत होता खरा. सरडाबिरडा असेल.”

तिनं दुसऱ्या हातानं मनगट झाकलं. कोणीतरी म्हणालं, “लूमच्या आवाजात वाढलेल्या त्या, कान वाजत असतील,” आणि सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं. “दुसऱ्यानं पाहिलेला नाही. काय करणार?”

“मग मला भास झाला आसंल, सर,” ती म्हणाली.

घरी सासूबाईंचं लक्ष लगेच तिच्या हाताकडे गेलं. “दिवाळीच्या तोंडावर बांगडी कशी गं पिचकली?” मी पाणी पीत होते, तशीच थांबले. ती म्हणाली, “झाडाला अडकली, आई.” आणि कणीक मळायला बसली.

तिनं भांडावं, दिराला सांगावं, निदान दोन दिवस अबोला धरावा, अशी मी वाट बघत होते. म्हणजे मलाही तोंड सोडता आलं असतं. तिनं काहीच केलं नाही. पुढच्या शुक्रवारी ती माझ्याबरोबर रिक्षात बसली. फरक एवढाच, की आमराईत ती थांबेनाशी झाली. “तिकडं काय तरी हाय” म्हणेनाशी झाली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं.

देवदिवाळीच्या फेरीला सरांनी वही माझ्या हातात दिली. दिली ती दिली, वर चार शब्द बोलले. “बाईंच्या नोंदीत कधी खोट निघाली नाही. यंदा घरच्या माणसासाठीसुद्धा त्यांनी खोटी साक्ष दिली नाही. वही अशाच माणसाकडे हवी.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात तिनं. मी मान खाली घालून हसले, लोकांना तो विनय वाटला. मला भुईनं पोटात घ्यावं असं वाटलं, पण वही मी सोडली नाही. छातीशी धरून घरी आणली.

पुढच्या पावसाळ्यात वाटणीचं भांडण मिटलं आणि आमराई गेली. तिथे लूमची नवी शेड उभी राहिली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी पाटीपूजनासाठी पुस्तकं काढली, त्यांत ती वही आली. उघडली तर नेमकं तेच पान. अकरा पक्षी, खाली दोन ओळी कोऱ्या. मला राहवेना. सरांना पत्र लिहीन, खरं काय ते कळवीन, पण आधी नोंद करीन, असं ठरवून मी वही आणि पेन घेऊन स्वयंपाकघरात गेले.

ती मेथी निवडून धूत होती. मी म्हटलं, “ऐक. गेल्या वर्षीचा तो नवरंग मी लिहितेय. पहिलं नाव तुझं. मी पाहिला होता गं. मी खोटं बोलले.”

तिनं वर बघितलं नाही. “मी न्हाय पाहिला, ताई.”

“अगं, तूच तर दाखवलास मला!”

“भास झालता. तुम्हीच बोललात ना सगळ्यांसमोर, सरडा होता.”

“ते मी जळून बोलले! तुझ्यावर जळून! आता सांगतेय ना?”

“दोघींनी पाहिल्याशिवाय लिहीत न्हाय,” ती म्हणाली. तिनं मेथी धुतली, पाणी ओतलं, दुसरं घेतलं. आवाजात राग नव्हता. मोठा तर मुळीच नव्हता.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिचं ओलं मनगट धरलं, तिथेच, जिथे त्या दिवशी धरलं होतं. “आणि ही बांगडी? माझ्याच हातानं पिचकली नव्हती का?”

तिनं हळूच हात सोडवून घेतला.

“ती झाडाला अडकलेली, ताई.”